भोंग्याशी अबोला

४ मार्च

घरमालक आज दारात आला आणि चहा नको म्हणाला. फुकटचा चहा नाकारणारा हा माणूस नव्हे, तेव्हाच ओळखलं की काहीतरी वाकडं आहे.

"वरून तक्रार आहे," तो छताकडे बघत म्हणाला. "कुत्रा दिवसभर भुंकतो. महिनाअखेरपर्यंत गप्प करा, नाहीतर त्याची सोय दुसरीकडे बघा."

"वरून म्हणजे? देवाकडून?"

"तुमच्या भावाकडून हो. रोज जिन्यात गाठतो मला. म्हणतो, खाली कुत्रा कोकलतोय आणि घरातून कुणी ओ देत नाही. मी भाडं घेतो बाई, भांडणं नाही घेत."

भोंगा त्याच्याकडे बघून भुंकलाच. मी त्याचं तोंड धरून ठेवलं, पण व्हायचा तो परिणाम झाला होता.

राग कुठेतरी काढायला हवा म्हणून ही डायरी उघडली. दातांचं सामान विकणाऱ्या दुकानाने दिलेली आहे, पानापानावर एक हसरी दाढ. हसतेय मेली.

वरचा म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. बाबांनी आम्हा दोघांना एकाच टेबलावर कवळ्या करायला शिकवलं. अजूनही कवळी दोघांची मिळूनच होते. मी खाली मेणात दात मांडते, तो वर मेणाच्या जागी पक्का माल भरतो, घासतो, पॉलिश करतो. खिडकीतून दोरीला टोपली बांधलेली आहे, तिला घंटी आहे. काम वर जातं, तयार होऊन खाली येतं. बोलायची गरजच काय?

बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली. कारण मी विसरलेली नाही. भर दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरांसमोर तो म्हणाला, "ताईचा हात हल्ली हलतो, जरा सोपी कामं द्या तिला." ज्या हाताने त्याला अक्षरं गिरवायला शिकवलं तो हात हलतो! त्या दिवशी तोंड मिटलं ते मिटलं. भावजय होती तोवर निरोप तिच्याकरवी जायचे. ती गेली तेव्हा मी वर गेले, महिनाभर दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, त्याचे कपडे धुतले, पण बोलले नाही. शब्द म्हणजे शब्द.

ती गेल्यावर भोंगा आला. दवाखान्यापासून माझ्या मागे मागे आला आणि राहिला. आता निरोप त्याच्याकरवी जातात. मी खिडकीपाशी म्हणायचं, "भोंग्या, सांग त्याला, पुढचे दात संपत आलेत." वरून आवाज येतो, "भोंग्या, कळलं म्हणावं." भोंगा दोन्हीकडे बघून शेपूट हलवतो.

आणि त्याच भोंग्याला घालवायला निघालाय हा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ते खोटं नाही.

भोंगा जाणार नाही. इथे लिहून ठेवते.

५ मार्च

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने लहान आहे, पण हातावर ओरखडे आहेत, म्हणजे काम करणारी आहे.

सगळं सांगितलं. मी स्टुलावर बसून मेणाला चाकू लावला की हा मागे येऊन बसतो. आधी हुं करतो. मग चप्पल आणून टाकतो. मग भुंकायला लागतो. मी "गप रे" म्हणून वळले की गप्प, खूश. पुन्हा टेबलाकडे वळले की सुरू.

"त्याला भूक नाही, दुखत नाही, चोर आलेला नाही," ती म्हणाली. "त्याला तुम्ही हव्या आहात. भुंकलं की तुम्ही मिळता, हे त्याला पक्कं कळलंय. तुम्ही ओरडता ना, तेसुद्धा त्याच्या लेखी बोलणंच."

"मग करू काय?"

"भुंकत असताना बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. आणि गप्प बसला, की त्याच क्षणी जवळ घ्यायचं, एखादं बिस्किट द्यायचं."

मी मोठ्याने हसले. एवढंच ना? अबोला! अहो बाई, हे तुम्ही कुणाला शिकवताय? आमच्या घराण्यात जन्मलेलं पोर आधी अबोला धरायला शिकतं, मग बोलायला. आत्या आणि बाबा नऊ वर्षं एका ताटलीतून लोणी काढत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

बिस्किटांचा पुडा आणला, एप्रनच्या खिशात टाकला. पण ते गप्प बसला की लगेच लाड करायचं मला काही पटलेलं नाही. एक मिनिट गप्प बसला म्हणून अबोला सोडायचा? डोक्यावर चढेल. अबोला म्हणजे अबोला.

८ मार्च

तीन दिवस झाले, भोंग्याकडे बघितलेलं नाही. ताट ठेवते, फिरवून आणते, पण भिंतीकडे बघत. जमतंय. सराव आहे.

दुपारी वरून खिडकीतून आवाज आला, "काय रे भोंग्या, घरात माणसं आहेत की सगळे दात घेऊन पळाली?"

एरवी मी लगेच म्हटलं असतं, "सांग रे त्याला, आहेत म्हणावं, तू तुझे सांभाळ." ओठांवर आलं होतं. पण भोंग्याशी बोलायचं नाही, मग सांगायचं कुणाला? गिळून टाकलं.

त्याने पुन्हा विचारलं. मग थोड्या वेळाने, "भोंग्या, सांग तिला, हिरड्यांचा गुलाबी माल उद्या येतोय." मी गप्प. "भोंग्या, ऐकलंस का रे?" मी गप्पच. मग वर स्टूल पडलं. पडलं की पाडलं, देव जाणे.

११ मार्च

डोकं उठलंय. डॉक्टरीण म्हणाली होती, सोडायच्या आधी तो दुप्पट भुंकेल, तेव्हा हार मानू नका. दुप्पट कुठली, चौपट! सकाळपासून सुरू. चपला सगळ्या माझ्या पायाशी आणून टाकल्या, बाथरूममधलीसुद्धा. एप्रनची नाडी ओढली. मी हूं की चूं केलं नाही.

आणि वरच्याला काय झालंय कळत नाही. त्याचंही आजच. सकाळी रेडिओ मोठ्याने. मग खलबत्ता घेऊन बसला, तासभर ठाण ठाण. याच्या घरात कुटायला आहे काय एवढं? मग टोपलीची घंटी. गेले तर टोपली रिकामी. पुन्हा घंटी, पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदा मी उठलेच नाही. मग गायला लागला. याला लहानपणी शाळेच्या समूहगानातून काढलं होतं, फक्त तोंड हलव म्हणून सांगितलं होतं मास्तरांनी.

खाली एक, वर एक. मधे मी, हातात कुणाच्या तरी आजोबांचा वरचा जबडा. अशात डाव्या बाजूचा सुळा तिरका गेला, मेण दोनदा करपलं. भुंकण्याने दचकायला होतं, दुसरं काही नाही. तसाच टोपलीत घालून पाठवला. म्हटलं, पुढचं डॉक्टर आणि तो बघून घेतील.

पण हार मानणार नाही. कुत्र्यालाही नाही आणि त्यालाही नाही.

१३ मार्च

दातांच्या डॉक्टरांचा फोन. आजोबांना कवळी चपखल बसली. "ताई, डावा सुळा तर असा बसवलाय की नैसर्गिक वाटतो," म्हणाले.

हातच्या काकणाला आरसा कशाला! एवढ्या गोंगाटात, तिरका वाटणारा सुळासुद्धा माझ्या हातून बरोबर बसतो. आणि म्हणे हात हलतो. खिडकीत उभी राहून मोठ्याने सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुणामार्फत?

१७ मार्च

भोंगा कमी झालाय! सकाळी थोडं भुंकला, मग स्वतःच थांबला, माझ्या पाठीमागे येऊन बसला. खूप वेळ बसला होता. मला मानेवर त्याचं बघणं कळत होतं. मी वळले नाही. आता वळले असते तर इतक्या दिवसांची तपश्चर्या पाण्यात.

वरचाही निवळलाय. गाणं बंद.

१९ मार्च

आज एकदाही नाही. दिवसभर नाही. भोंगा भिंतीकडे तोंड करून पडून होता. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे तोंड मिटलं. जिंकले.

अशा शांततेत किती सुंदर काम व्हायला हवं. पण आज सुळा परत तिरका जात होता. मेणाची नवी पेटीच भिकार आहे. दुकानदाराला सुनावलं पाहिजे.

२१ मार्च

घरमालक परत. आज चहा घेतला, दोन कप. मी म्हटलं, "बघा, मुंगीचा आवाज येतोय का?"

त्याने डोकं खाजवलं. "तेच ना. तुमच्या भावाने आज पुन्हा गाठलं मला."

"आता काय?"

"म्हणतो, कुत्रा भुंकत का नाही? खाली सगळं ठीक आहे का बघून या."

मी कप आपटला. भुंकला तरी तक्रार, गप्प बसला तरी तक्रार! माणसाने जगावं तरी कसं? "सांगा त्याला," मी म्हटलं, "आम्ही मजेत आहोत. कुत्राही मजेत, मीही मजेत. कुणी काळजी करायची गरज नाही."

"अहो, तुम्हीच सांगा की. पंधरा तर पायऱ्या आहेत."

"पायऱ्या मला माहीत आहेत," मी म्हटलं. लहान असताना त्याच पायऱ्यांवरून त्याला कडेवर घेऊन उतरायचे. तेव्हा कुठे होता हा घरमालक.

सांगितलं असणार त्याने. संध्याकाळी वर खिडकी बंद झाल्याचा आवाज आला.

२४ मार्च

आज टोपली कधी खाली आली मला कळलंच नाही. घंटी वाजली नाही. संध्याकाळी खिडकी लावायला गेले तर तयार कवळ्या घेऊन टोपली तशीच लटकत होती. दोरीला गाठ मारून ठेवली होती, म्हणजे वर कुणी धरून बसलेलं नव्हतं.

वर काहीच आवाज नाही. रेडिओ नाही, स्टूल नाही. फक्त पॉलिशचं मशीन दुपारी चालतं, म्हणून कळतं की आहे.

भोंग्याने काल संध्याकाळपासून ताटाला तोंड लावलेलं नाही. मुंग्या लागल्या. फिरायला नेलं तर दोरी ओढत नाही, चालवलं तर चालतो, थांबवलं तर थांबतो. माझा कुत्रा असा नव्हता.

मला करमत नाही. कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. घर इतकं गप्प आहे की चाकू ठेवला तरी दचकायला होतं. जिंकल्यावर असं वाटतं, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

२५ मार्च

डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, जीभ बघितली, पोट चाचपलं. "आजार काही नाही," म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "बाई, गप्प बसल्यावर तुम्ही काय करता?"

"काही नाही. अबोला चालू ठेवते."

"किती वेळ?"

"पाच तारखेपासून."

तिने हातातलं सगळं खाली ठेवलं. "अहो, मी तुम्हाला अबोला धरायला सांगितलं नव्हतं! निम्मंच ऐकलंत तुम्ही. भुंकणं सोडून तो गप्प बसला, तोच तर क्षण होता. तुम्ही म्हणालात तसं त्याने केलं, आणि तरीही कुणी बघितलं नाही. आता त्याला वाटतंय, भुंकूनही उपयोग नाही आणि गप्प बसूनही नाही. मग जेवायचं तरी कशाला?"

"चढला असता डोक्यावर," मी म्हटलं.

"चढू दे की. तुमच्याच डोक्यावर ना?"

पोरगी फार बोलते. पैसे देऊन ऐकून घ्यावं लागतं. घरी येताना भोंग्याला रिक्षात मांडीवर घेतलं. त्याने डोकं टेकलं नाही. नुसता बसून राहिला, परक्यासारखा.

२६ मार्च

काम बाजूला ठेवलं. गुडघे दुखतात तरी जमिनीवर बसले, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या माझ्या वेड्याशेजारी. पाठीवर हात ठेवला. कान हलला, बाकी काही नाही. मी म्हटलं, "भोंग्या." तीन आठवड्यांनी म्हटलं. माझाच आवाज मला घोगरा वाटला.

मग शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. एकदाच. खात्री करून घेत असावा. मी परत म्हटलं, "भोंग्या, गप्प बसलास रे. शहाणा." तेव्हा उठला आणि नाक थेट माझ्या एप्रनमध्ये खुपसलं, बिस्किटाच्या खिशात. मला रडू आलं. आलं तर आलं, माझ्या घरात मी रडले.

चार बिस्किटं खाल्ली, मग ताट चाटून पुसून साफ केलं. मग ऐटीत उभा राहून माझ्यावर भुंकला. मी लगेच पाठ फिरवली. थांबला. मी लगेच वळले. पुन्हा भुंकला, पुन्हा पाठ. असं चालू होतं. शेवटी एकदा तो भुंकायला तोंड उघडून तसाच थांबला, विचारात पडला आणि खाली बसला. मी पुडाच पुढे केला.

नियम सोपा आहे. गप्प झाला की उशीर करायचा नाही.

हे लिहिलं आणि छताकडे बघितलं. वर आजही काही आवाज नाही.

२७ मार्च

दिवसभर कान वरच. नाही म्हणजे नाहीच. दुपारी पॉलिशचं मशीनसुद्धा लागलं नाही.

मी का जाऊ? सुरुवात कुणी केली? हात हलतो कोण म्हणालं? कुत्र्याला घालवायला कोण निघालं? रेडिओ, खलबत्ता, रिकामी टोपली, हे सगळं कुणी केलं? मी एका शब्दाने त्याला त्रास दिलेला नाही. तीन वर्षांत एका शब्दाने नाही.

टोपलीत नवा सेट घालून वर पाठवला. मुद्दाम घंटी जोरात वाजवली. टोपली ओढून घेतली गेली. बस. एवढंच.

सुळा याही वेळी मनासारखा बसला नव्हता. मेण भिकार, दुसरं काय.

२८ मार्च

गेले वर.

लाचार होऊन नव्हे. नियम म्हणून. ज्याने गोंगाट केला तो गप्प झाला, की जायचं असतं. निम्मंच ऐकलं तर कुत्रा मरायला टेकतो, हे डोळ्यांनी बघितलंय. भोंग्याला खाली ठेवून दार लावलं, एप्रन काढायचीही आठवण राहिली नाही.

त्याचं दार उघडंच होतं. दिवसा दिवा लावून टेबलाशी पाठमोरा बसला होता. किती पांढरा झालाय मागून. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाची मागची बाजू खालून कशी दिसणार? समोर माझा कालचा सेट होता. स्पिरिटच्या दिव्यावर चाकू तापवून डाव्या सुळ्याभोवतीचं मेण सैल करत होता, आणि दोन बोटांनी दात सरळ करत होता. हळूच, बाबा करायचे तसं, श्वास रोखून. शेजारी आधीच्या सेटचं खरवडलेलं मेण होतं. त्याच्या आधीच्याचंही असावं. बशी भरली होती.

मी दारात उभी राहिले. त्याला चाहूल लागली, तसा त्याने पटकन सेटवर फडकं टाकलं. एकमेकांकडे बघितलं. मी त्या फडक्याकडे बघितलं. काय करतोस, असं विचारलं नाही. अबोला होता ना अजून.

जाऊन त्याच्याशेजारी स्टुलावर बसले. बाबांच्या टेबलाशी बसायचो तशी, मी डावीकडे. काय करावं सुचेना. एप्रनच्या खिशात हात गेला, तिथे पुडा होता. एक बिस्किट काढून त्याच्यापुढे धरलं.

त्याने ते घेतलं आणि खाल्लं. सगळं, कण न सांडता.

"कुत्र्याचं आहे ते," मी म्हटलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. तोंडात भुगा होता, म्हणून असेल, नीट बोलता येत नव्हतं. डोळे पुसले त्याने. "दुसरं आहे का?"

दुसरं दिलं. मीही एक खाल्लं. जरा अळणीच असतात.

"मला वाटलं, कुत्रा गेला," तो म्हणाला. "मग वाटलं, तूच आजारी आहेस. घरमालक म्हणाला, मजेत आहे. म्हटलं, मग ठीक. आपली आता गरज नाही."

"मूर्ख आहेस."

"हो." मग म्हणाला, "त्याला घालवायचं नव्हतं मला, ताई. तक्रार केली की तू निदान वर येऊन भांडशील, असं वाटलं. उद्या घरमालकाला सांगतो, भुंकू दे म्हणावं."

"माझं मी सांगेन. माझा कुत्रा आहे." हे म्हणताना माझा हात फडक्यापाशी गेला आणि मी ते उचललं. दिव्याखाली हात दिसत होता. हलत होता, जरा. त्याने बघितलं, मीही बघितलं. यावेळी तो काही म्हणाला नाही. मीच म्हटलं, "मेण भिकार आहे."

"फारच भिकार आहे," तो म्हणाला. "उद्यापासून टेबल एकच करू. मेण मी तापवतो."

मी स्टूल टेबलाच्या आणखी जवळ ओढलं.

एवढ्यात खाली भोंगा सुरू झाला. एकट्याला ठेवून आल्याचा राग, अगदी जिवाच्या आकांताने. धाकटा दचकून उठायला लागला. मी त्याला शर्ट धरून खाली बसवलं.

"बस. भुंकत असताना जायचं नसतं. गप्प झाला की लगेच जाऊ."

मग आम्ही दोघं बसून राहिलो, मधे बिस्किटांचा पुडा. तो मेला गप्पच होईना. मलाही काही घाई नव्हती.